मांडीची लांबी कुणी विचारतच नाही

आठ महिने लागले मला एक खुर्ची घ्यायला. आठ महिने! आणि आत्ता हे टाइप करतेय ते तिच्या पुढच्या काठावर बसून, गाडी सुटेल म्हणून घाईत टेकलेल्या माणसासारखी. पाठीमागे वीतभर मोकळी जागा. त्या जागेच्या पलीकडे कुठेतरी खुर्चीची ती भारी पाठ. वर-खाली होते, पुढे-मागे सरकते, म्हणे मणक्याच्या वळणाबरहुकूम घडवलेली. असेल बुवा. माझ्या मणक्याची आणि तिची अजून भेट व्हायची आहे.

माझी उंची पाच फूट एक इंच. जगावेगळी नाही. माझ्याएवढ्या बायका दिवसाचे आठ-नऊ तास कॉम्प्युटरपुढे बसतात आणि संध्याकाळी कंबर धरून उठतात. तीच कंबर धरून मी म्हटलं, आता कंजूसपणा पुरे, एकदाच चांगली एर्गोनॉमिक, म्हणजे शरीराला बेतून केलेली, खुर्ची घेऊ. हा शब्द कुणीही कशावरही छापू शकतं हे तेव्हा डोक्यात आलं नाही. चाकं लावलेल्या पाटावर लिहिलं तरी चालेल.

मला राग कशाचा आहे ते नीट सांगते. खुर्चीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर बैठकीची खोली, म्हणजे बसायची गादी पाठीपासून पुढच्या काठापर्यंत किती लांब ते. मागे पूर्ण टेकून बसलं की बैठकीचा काठ आणि गुडघ्यामागचा खळगा यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. नाही राहिली तर काठ तिथे रुततो, पायाला मुंग्या येतात, आणि माणूस नकळत पुढे सरकतो. पुढे सरकला की पाठीचा आधार सुटला. संपला खेळ! मग त्या आधाराला चार बटणं असोत नाहीतर चाळीस.

आता ही खोली किती, हे छापलंय का कुठे? नाही! खोक्याची लांबी-रुंदी छापलीय. वजन आहे. राखाडी रंगाची तीन वेगवेगळी नावं आहेत. खुर्चीचे हात चार दिशांना हलतात हे तीनदा सांगितलंय. आणि बैठकीच्या खोलीपुढे एकच शब्द, 'ॲडजस्टेबल'. अहो, किती ते किती? फोन करून विचारलं तर पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणतो, "मॅडम, स्टँडर्ड साइज आहे, सगळ्यांना होते." सगळे म्हणजे कोण? एकदा त्या सगळ्यांना भेटायचंय मला.

खुर्ची घरी आल्यावर मीच मोजलं. भिंतीला लावलेल्या स्टुलावर पाठ टेकून बसले आणि टेप धरला. भिंतीपासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंत 43 सेंटिमीटर. तीन बोटं वजा करून 38. आणि खुर्चीची बैठक, पार मागे सरकवून, आणखी सरकत नाही इथपर्यंत नेऊन? 44. म्हणजे जागा सोडणं राहिलं बाजूला, माझ्या अख्ख्या मांडीपेक्षा ती एक सेंटिमीटर जास्तच.

दुकानात बसून बघितलं नव्हतं का, असं विचारणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. बघितलं होतं! पाच मिनिटं. दिवसभर पायपीट केल्यावर पाच मिनिटं दगडावर टेकलं तरी स्वर्ग वाटतो. खुर्चीचा खरा स्वभाव तिसऱ्या तासाला कळतो, आणि तिसऱ्या तासापर्यंत तिथे कोण बसू देतो? विक्रेता शेजारी उभा, दांडी ओढून मला झपकन मागे झोपवतोय आणि विचारतोय, "कसं वाटतंय?" अनोळखी माणसासमोर पाय हवेत गेल्यावर जसं वाटायचं तसंच वाटत होतं. 'छान' म्हणाले, चूक झाली.

आणखी एक गंमत बघा. त्या अख्ख्या दालनात टेबल नव्हतं. एकही! चाळीसेक खुर्च्या, आणि समोर ठेवून बघायला टेबल नाही. त्यामुळे घरी आल्यावर कळलं की खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला आपटतात आणि मी कीबोर्डपासून हातभर लांब राहते. हात खाली केले की कोपरं लोंबकळतात. शिवाय तिथे खाली गालिचा होता, त्यावर कडक नायलॉनची चाकं शहाण्यासारखी वागत होती. माझ्या गुळगुळीत फरशीवर तीच चाकं उधळतात. कडक फरशीला मऊ चाकं लागतात, ती वेगळी मिळतात, हे मला विकत घेतल्यावर सांगितलं गेलं. अर्थात त्यांचे पैसेही वेगळे.

बिफ्मा या फर्निचरवाल्यांच्या अमेरिकन संघटनेचं तर नावच काढू नका. जिथे जाल तिथे तिचा शिक्का देवाच्या अंगाऱ्यासारखा कपाळी लावतात. "मॅडम, बिफ्मा सर्टिफाइड आहे!" मी घरी येऊन वाचलं. त्यांची एक्स5.1 ही चाचणी असते खुर्चीच्या मजबुतीची: वजनाने मोडते का, कलंडते का, किती वापराला टिकते. चांगलंच आहे, कुणाला तोंडावर आपटायचंय? पण ती खुर्ची मोडते का एवढंच बघतात. मी मोडते का, ते नाही. खुर्ची वर-खाली करणाऱ्या 'क्लास फोर' गॅस सिलिंडरचंही तेच, तो भक्कम आहे एवढाच त्याचा अर्थ. माझे पाय जमिनीला टेकतील याची हमी त्यात नाही.

आणि टेकत नाहीतच. सगळ्यात खाली आणून बैठक 45 सेंटिमीटरवर, माझे गुडघे 39 वर. तक्रार केली तर उत्तर तयार: "फूटरेस्ट घ्या ना." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पायाखाली पाट ठेवल्याने बैठक आखूड होते का?

बरं, हे ज्ञान नवं आहे म्हणावं तर तेही नाही. नील्स डिफ्रियंट नावाच्या डिझायनरने सहकाऱ्यांबरोबर 1974 मध्येच माणसांच्या शरीराची मापं फिरत्या चकत्यांच्या तक्त्यांवर मांडून ठेवली होती. बुटकी, उंच, बायका, पुरुष, सगळे त्यात. हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची एअरॉन ही ऑफिसची खुर्ची 1994 साली आली तीच ए, बी, सी अशा तीन मापांत. बूट जसे मापाने घेतो तशी खुर्ची. एवढी साधी गोष्ट! पुढे त्या खुर्चीच्या जाळीची नक्कल जगभर झाली. तीन मापांची नक्कल करायला मात्र फारसं कुणी धजावलं नाही, कारण तीन मापं म्हणजे गोदामात तिप्पट पसारा. म्हणून मग एकच खुर्ची आणि वर 'ॲडजस्टेबल'चा मुलामा.

ऑनलाइन अभिप्रायांवरही माझा विश्वास होता, तेवढी मी भोळी. खोकं उघडल्या दिवशी पाच तारे देणारे निम्मे, आणि उरलेले 'माझी उंची सहा फूट, अप्रतिम खुर्ची' म्हणणारे. दादा, तुझ्यासाठीच केलीय ती.

परत करायला निघाले तर जोडलेली खुर्ची म्हणजे वापरलेली खुर्ची. न जोडता बसून बघायची विद्या त्यांनी शिकवावी. वॉरंटी लांबलचक आहे, पण तुटलं तर. इथे काही तुटलेलंच नाही, सगळं ठणठणीत आहे, माझी कंबर सोडून. मैत्रीण म्हणते, दर अर्ध्या तासाने उठत जा. उठतेच मी. मुंग्याच उठवतात.

सध्या पाठीमागे दोन उशा लावल्यात. पाठ टेकते, पण त्यामुळे मी पुढे आले आणि खुर्चीचे हात मागे राहिले, कोपराला लागेनात. काल रात्री चिडून दोन्ही हात स्क्रू काढून कपाटावर टाकले. स्क्रू काढायची चावी शोधताना माहितीपुस्तिका हाती लागली. चौदाव्या पानावर लिहिलंय, बैठकीचा काठ आणि गुडघा यांच्यात तीन बोटं अंतर ठेवावे. शेजारी चित्र आहे. चित्रातला माणूस मागे मस्त टेकून बसलाय, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत.