एकवीस दिवसांचा निरोप आणि खिडकीजवळची खुर्ची

कळव्यात आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. अठ्ठावीस खुर्च्या, चार पंखे, पाण्याचं एक पिंप आणि दारापाशी हजेरीची वही. गेली नऊ वर्षं तिथली व्यवस्था मी बघते. पोलीस भरती, बँका, राज्यसेवा अशा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली येतात. यंदा जानेवारीत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला. तुमच्याही फोनवर तो येऊन गेला असेल, कारण नव्या वर्षाच्या सुमारास तो फिरतोच. मजकूर साधारण असा:

"कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस करा, ती आयुष्यभराची सवय होते, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. यशस्वी माणसं पहाटे चारला उठतात. रोज फक्त एक टक्का सुधारा, वर्षात ३७ पट व्हाल. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजा. इच्छाशक्ती असेल तर परिस्थिती आड येत नाही, बाकी सगळ्या सबबी."

पाठवणारे मंडळातले ज्येष्ठ काका आहेत. पोरांचं भलं व्हावं म्हणून त्यांनी तो पाठवला, त्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पण त्यानंतर काय झालं ते मी पाहिलंय, म्हणून हे लिहायला बसले.

विटाव्याचा एक मुलगा आमच्याकडे येतो. रबाळ्याला एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला आहे. रात्री अकराला सुटतो, घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. त्याने हा निरोप मनावर घेतला. भिंतीवर कॅलेंडर लावलं, पहाटे चारचा गजर लावला आणि रोज एक फुली मारत गेला. सोळाव्या दिवशी आजीला दवाखान्यात न्यावं लागलं. फुल्या संपल्या, पुन्हा एकपासून. दुसऱ्या वेळी नवव्या दिवशी ओव्हरटाइम आला. तिसऱ्या वेळी आठवडाही निघाला नाही. मार्चमध्ये त्याने अभ्यासिकेतल्या त्याच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, माझ्यात इच्छाशक्तीच नाही."

तीन वर्षं पाळी सांभाळून अभ्यास करणारा मुलगा हे बोलत होता.

आता त्या निरोपातलं एकेक वाक्य घेऊ.

आधी २१ दिवस. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला किती दिवस लागतात, याचं निरीक्षण त्यांनी केलं होतं. हात किंवा पाय कापावा लागलेल्या रुग्णांना तो अवयव अजून जागेवर आहे असं वाटत राहतं, तेही त्यांनी पाहिलं होतं. १९६० साली त्यांनी लिहिलं की मनातलं जुनं चित्र पुसायला 'कमीत कमी सुमारे' २१ दिवस लागतात. पहाटे उठण्याचा, अभ्यासाचा किंवा व्यायामाचा तो प्रयोग नव्हताच. हा एका डॉक्टरचा आपल्या रुग्णांबद्दलचा अंदाज होता. पुढे तोंडोतोंडी 'कमीत कमी' गळलं, 'सुमारे' गळलं, आणि उरला नुसता २१.

सवय लागायला किती दिवस लागतात हे मोजायचा खरा प्रयत्न लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाला. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी गोष्ट निवडली. कुणी दुपारच्या जेवणासोबत पाणी प्यायचं ठरवलं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळायचं. बारा आठवडे रोज ती गोष्ट करायची आणि ती विचार न करता किती आपसूक घडते, हे नोंदवायचं. मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे तो फरक. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं गणित निघालं. हा वरचा आकडा बारा आठवड्यांच्या पलीकडचा, म्हणजे आलेखावरून काढलेला अंदाज आहे, हेही सांगायला हवं. पाणी प्यायची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा.

म्हणून २१ च्या जागी ६६ लिहून कुणी नवा निरोप पाठवू नये. आकडा माणसागणिक वेगळा, कामागणिक वेगळा. आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे: अंगवळणी पडणं. अंगाला वळण पडायचं तर ते अंगाच्या गतीनेच पडणार. पाट खणला की पाणी त्या वाटेने जायला लागतं, पण जमीन मऊ की कातळाची यावर खणायचे दिवस ठरतात.

चुकलेल्या दिवसाचा मुद्दा निरोपात चौथा आहे, पण तो मी इथेच घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केलं. "एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून." लंडनच्या त्याच अभ्यासात हेही पाहिलं होतं. एखादी वेळ चुकली तर सवय घडण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशी माणूस जवळपास तिथूनच पुढे गेला. पंधरा दिवस खणलेला पाट एका दिवसात बुजत नाही. त्या मुलाचे पंधरा दिवस कुठेही गेले नव्हते, ते त्याच्या अंगात होते. पुसल्या गेल्या त्या फक्त कॅलेंडरवरच्या फुल्या, आणि त्याही त्यानेच पुसल्या, कारण निरोपात तसं लिहिलं होतं.

माझ्या हजेरीच्या वहीत नऊ वर्षांचा पुरावा आहे. जी मुलं पुढे नोकरीला लागली, त्यांच्यापैकी एकाच्याही नावापुढे सगळे दिवस भरलेले नाहीत. गणपतीत गैरहजर, गावी लग्न म्हणून गैरहजर, तापाने आठवडाभर गैरहजर. २६ जुलैसारखा पाऊस लागला की लोकलच बंद, तेव्हा तर कुणीच नाही. पण गैरहजेरीनंतरच्या दिवशी त्यांची सही आहे. माझ्या घरात सासूबाईंनी चाळीस वर्षं एकादशी केली. आजारपणात चुकली तेव्हा पुढची धरली. पहिल्यापासून मोजायला हवं, असं त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.

आता पहाटे चार. ठाण्यात पहाटे चारला कोण जागं असतं, ते बाहेर पडून बघा. वाशीच्या एपीएमसीत भाजीचे ट्रक रात्रभर उतरत असतात, तिथले माथाडी जागे असतात. त्यांच्याकडून माल उचलायला निघालेले भाजीवाले जागे असतात. दूध टाकणारे, स्टेशनाबाहेर पेपरचे गठ्ठे लावणारे, नळाला पाणी यायची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या बायका, कर्जत-कसाऱ्याकडून पहिल्या गाड्या पकडणारे, सगळे जागे असतात. नुसतं चारला उठून यश मिळत असतं तर ते सगळ्यात आधी ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्यावर पोचलं असतं. ही माणसं वर्षानुवर्षं उठतायत, आणि त्यांच्या उठण्याला कुणी यशाची सवय म्हणत नाही. कारण त्या निरोपातलं यश पहाटेतून आलेलंच नाही. ज्याच्या घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला, पाणी भरायला दुसरं कुणीतरी आहे, त्याला पहाटेचे दोन तास स्वतःसाठी मिळतात. ते तास मोलाचे आहेत, पण ते घड्याळाने दिलेले नसतात.

शरीराचंही ऐकायला हवं. प्रौढ माणसाला रात्री निदान सात तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. शरीराचं आतलं घड्याळ पेशींमध्ये कसं चालतं, यावरच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ सगळ्यांचं सारखं नसतं, काही प्रमाणात ते आईबापांकडून येतं. विशीच्या आसपास तर ते निसर्गतःच उशिराकडे सरकलेलं असतं, म्हणजे नेमकं आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांच्या वयात. बारा वाजता घरी येणारा मुलगा साडेबाराला आडवा झाला आणि चारला उठला, तर साडेतीन तास झोप झाली. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. मग झोप मोडून त्याने कमावलं काय? आणि त्या झोपेने दुपारी तीनला तो मशीनसमोर उभा राहतो, हे मनात आलं की मला आजही धस्स होतं.

३७ पटीचं गणित लवकर आटोपते. १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो, तेवढं बरोबर आहे. पण हे चक्रवाढ व्याज आहे, आणि माणसाचं कसब म्हणजे मुदत ठेव नव्हे. आमच्याकडची मुलं मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा देतात. या हिशोबाने मिनिटाला तीस शब्द टाइप करणारी मुलगी वर्षाअखेर मिनिटाला अकराशेहून जास्त शब्द टाइप करेल. खरी वाढ याच्या उलट असते. लॅलींच्या अभ्यासातला आलेखही तसाच आहे: सुरुवातीच्या दिवसांत चढ मोठा, मग हळूहळू सपाटी. तीस शब्दांपर्यंत भराभर जाणारी मुलगी पस्तीसवर महिनाभर अडकते. तिला ३७ पटीचं स्वप्न दाखवलं असेल तर त्या सपाटीवर ती स्वतःला नालायक ठरवून मोकळी होते. सपाटी येणारच आहे, हे आधी सांगितलं तर ती बसून राहते.

शेवटचं वाक्य इच्छाशक्तीचं, आणि खरा वाद इथे आहे.

ॲन्जेला डकवर्थ आणि ब्रायन गाला यांचा २०१५ चा अभ्यास सांगतो की ज्यांचा स्वतःवर ताबा चांगला असतो, ते रोज मोहाशी कुस्ती खेळत नाहीत. चांगल्या सवयी लागलेल्या असल्यामुळे त्यांना जोर लावावाच लागत नाही. म्हणजे ज्याला आपण बाहेरून इच्छाशक्ती म्हणतो, ती पुष्कळदा आधीच पडलेलं वळण असते. आणि वळण पडायला जागा लागते, ठरलेली वेळ लागते, 'आता बसायचं' असं सांगणारी खूण लागते.

परिस्थितीबद्दल तर आणखी स्पष्ट पुरावा आहे. लहान मुलांसमोर एक गोड वडी ठेवायची आणि न खाता थांबलास तर दोन देईन म्हणायचं, हा वॉल्टर मिशेल यांचा अमेरिकेतला प्रयोग सगळ्यांनी ऐकलाय. थांबणारी मुलं पुढे यशस्वी झाली, असं त्यावरून सांगितलं जातं. पण ती मुलं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली होती. २०१८ मध्ये सुमारे नऊशे मुलांवर, ज्यात कमी शिकलेल्या आयांची मुलंही पुष्कळ होती, हा संबंध पुन्हा तपासला गेला. तो आधीच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती आणि मुलांची सुरुवातीची समज हिशोबात धरल्यावर त्यातलेही दोन तृतीयांश उडून गेले. परिस्थिती आड येते. ते म्हणणं ही सबब नव्हे.

विटाव्याच्या मुलाच्या घरी एका खोलीत पाच माणसं. टीव्ही चालू, शेजारचं बाळ रडतंय, आणि कुकरची शिट्टी झाली की पुस्तक उचलून पलंगावर सरकायचं. तिथे त्याच्याकडे इच्छाशक्ती मागणं मला अन्याय वाटतो. त्याला एक खुर्ची हवी होती आणि ती रोज त्याच वेळी मोकळी हवी होती. माझं काम ते आहे, त्याला धीराचे निरोप पाठवणं नाही.

म्हणून एप्रिलमध्ये मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, "चारचा गजर काढून टाक. आठपर्यंत झोप. आंघोळ-नाश्ता झाला की दुसरं काही न करता सरळ अभ्यासिकेत ये. खिडकीजवळची खुर्ची साडेनऊ ते दीड तुझी." जर्मनीच्या पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं होतं. 'मी अभ्यास करीन' असं नुसतं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं की अमुक ठिकाणी अमुक करीन' असं ठरवलं की ते घडण्याची शक्यता बरीच वाढते. माझ्या आईने आम्हाला दिवेलागणीला शुभंकरोती झालं की पाढे म्हणायला बसवलं, त्यातही हेच होतं. दिवा लागला की जिभेवर पाढा यायचा.

पहिले पंधरा दिवस तो नुसता बसायचा, पानं उलटायचा. मी काही बोलले नाही. जूनमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं की तो आत येताना इकडेतिकडे बघत नाही, पिशवी ठेवतो आणि वही उघडतो. वहीत त्याच्या नावापुढे मधे मधे रिकामे चौकोन आहेत. त्या चौकोनांबद्दल आम्ही दोघं बोलत नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ग्रुपवरचा तो निरोप काढायला सांगितला. पण तो इतका जुना झाला होता की काढता येईना. तेव्हा त्यांनी खाली स्वतःच्या शब्दांत लिहिलं, "एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी या, पंखा चालू असेल."

पुढच्या महिन्यापासून त्या मुलाची पाळी बदलतेय, सकाळी सातची. साडेनऊची वेळ गेली, म्हणजे नाश्त्यानंतरची खूणही गेली. आता कामावरून सुटल्यावर घरी न जाता थेट इकडे यायचं ठरलंय, कारण एकदा घरी टेकलं की उठणं होत नाही हे त्याचं त्यालाच कळलंय. येताना भूक लागलेली असणार, म्हणून त्याची आई दुपारच्या डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या देणार आहे. खिडकीजवळची खुर्ची संध्याकाळी दुसऱ्या एका मुलीची असते. तिच्याशी मी उद्या बोलणार आहे.