ब्यूरोतून मावशी आणताय? आधी खाटेची उंची बघा

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की पेशंट सांभाळायला मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन जातो. १२ तास की २४ तास, रेट किती, सुट्टी कधी, सगळं ठरतं. मावशींची कंबर आणि बोटं शाबूत कशी राहतील, हा विषय मात्र कुणी काढत नाही. ब्यूरोवाला कमिशन घेऊन मोकळा. माझ्या मते ही जबाबदारी आधी घरच्यांची, कारण खाट आणि सुयांचा डबा त्यांच्याच हातात असतो.

भाड्याचा साधा फाउलर बेड हँडल फिरवलं की डोकं आणि गुडघे वर करतो, अख्खी खाट वर-खाली करत नाही. त्यासाठी 'हाय-लो' बेड मागावा लागतो. डायपर बदलताना गादी मावशींच्या कमरेच्या उंचीला हवी. दिवाणावर हे काम म्हणजे दर वेळी कमरेत वाकणं. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने पेशंट हाताने उचलण्याची मर्यादा साधारण १६ किलो धरली आहे, तीही सगळं अनुकूल असताना. आपल्याकडे ७० किलोच्या आजोबांना काखेत हात घालून वर ओढतात! त्यात मावशींची कंबर जाते आणि अर्धांगाच्या पेशंटचा लुळा खांदाही निसटू शकतो.

वर सरकवायचं असेल तर जाड चादर दुहेरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत पेशंटखाली घाला. बेडचं डोकं सपाट करा. दोन्ही बाजूंना एकेक माणूस, चादरीच्या कडा गुंडाळून अंगालगत धरलेल्या, गुडघे किंचित वाकवलेले. एक-दोन-तीन म्हणून सरकवायचं, उचलायचं नाही. दुसरा माणूस म्हणजे घरातलाच कुणीतरी. टीव्ही दोन मिनिटं थांबतो. एकटीने फक्त कुशीवर वळवावं: पलीकडचा गुडघा दुमडून, पलीकडचा हात छातीवर घेऊन, खांदा आणि नितंब धरून आपल्याकडे. व्हीलचेअर पेशंटच्या धडधाकट बाजूला, ब्रेक लावून. उठताना पेशंटला गळ्यात हात टाकू देऊ नये, तोल गेला की सगळा भार मानेवर येतो.

आता सुया. इन्सुलिन दिल्यावर टोपण परत लावायला जातात आणि तिथेच सुई टोचते. इन्सुलिन पेनच्या सुईला आतलं बारीक टोपण लावूच नका. मोठं टोपण टेबलावर ठेवून एका हाताने लावा, फिरवून सुई काढा आणि थेट डब्यात टाका. झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा चालतो. पाऊण भरला की चिकटपट्टी लावून, वर 'सुया' लिहून वेगळा द्या. पिशवीतून टाकलेली सुई पुढे सफाई कामगाराच्या हातात घुसते.

टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. पिळायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, स्पिरिट ओतायचं नाही. लगेच सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हाव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस बीची (कावीळ बीची) लस मात्र आधीच हवी: ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस. खर्च ब्यूरोने करावा, नाहीतर घरच्यांनी. पेशंटला कावीळ बी असल्याचं लपवणारी घरं आहेत, हा सरळसरळ दगा आहे.

आणि रात्रपाळीत घरातल्या पुरुषाकडून त्रास झाला तर? लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाची जागा मानतो. ब्यूरोत अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. ब्यूरो मात्र 'घर बदलून देतो' म्हणतात आणि त्याच घरी दुसरी मावशी पाठवतात.