‘टॉवर महाराष्ट्रातला, म्हणजे माणूस जिवंत’: बेपत्तांविषयीच्या एका फॉरवर्डला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणी बेपत्ता झाले आणि काही दिवसांत सापडले नाही, की ग्रुपवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. फोटो आणि गाव बदलते, युक्तिवाद तोच. शेवटचे लोकेशन महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या टॉवरवर होते, दोन दिवस रिंग जात होती, नदीत काही सापडले नाही. म्हणजे माणूस आपण होऊन महाराष्ट्रात गेला आणि जिवंत आहे. खाली पुरवणी: चोवीस तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत आणि सात वर्षांनी मृत्यूचा दाखला मिळतोच.

माणूस जिवंत असेलही. पण या मुद्द्यांतून ते ठरत नाही.

आधी टॉवर. पोलिसांना कंपनीकडून सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींची यादी, मिळते. तीत कॉलच्या वेळचा सेल आयडी, म्हणजे टॉवरच्या सेक्टरचा क्रमांक, असतो, माणूस उभा होता ती जागा नसते. एका टॉवरला बहुधा तीन सेक्टर, प्रत्येक साधारण 120 अंशांचा. शहरात त्याचा पल्ला काहीशे मीटर, रानात काही किलोमीटर. शिवाय फोन जवळचा टॉवर शोधत बसत नाही, ज्याचा सिग्नल जोरात पोचतो तो धरतो. सीमेवरच्या बाची-शिनोळीच्या पट्ट्यात कर्नाटकातल्या घरात बसलेल्या माणसाचा फोन महाराष्ट्राच्या सर्कलवर (मोबाइल सेवेच्या राज्यवार विभागावर) जाणे ही रोजची गोष्ट आहे. दरीपलीकडच्या टेकडीवरचा टॉवर समोर दिसत असेल, तर अलीकडचा जवळचा टॉवर सोडूनही फोन तिकडे जातो. म्हणून पहिली तपासणी सोपी: त्याच नंबरचा आधीच्या 30 दिवसांचा सीडीआर काढायचा. माणूस घरी असतानाही तोच सेल आयडी येत असेल, तर ‘हद्द ओलांडली’ याला काही अर्थ उरत नाही. त्या टॉवरवर तेव्हा आणखी कोणते फोन होते हे हवे असेल, तर दोन्ही सर्कलचे टॉवर मागणीत लिहावे लागतात. एका बाजूचेच लिहिले की अर्धी यादी हातात येते. नातेवाइकांना सीडीआर थेट मिळत नाही, तो पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत मागवला जातो. कंपन्यांना तो 2 वर्षे ठेवावा लागतो, तेवढ्या मुदतीत लेखी अर्ज देऊन पाठपुरावा करा.

रिंगचे म्हणाल, तर हँडसेट वाजतो, माणूस नाही. तो झुडपात पडलेला असू शकतो, दुसऱ्याच्या खिशात असू शकतो, कॉल फॉरवर्ड केलेला असू शकतो. 2014 मध्ये एमएच 370 विमान 239 जणांसह नाहीसे झाले, तेव्हाही काही नातेवाइकांना रिंग ऐकू आली होती. नेटवर्क फोन शोधत असतानाच कॉल करणाऱ्याला रिंग ऐकू येऊ शकते. व्हॉट्सॲपच्या दोन टिकांचेही तसेच. मेसेज घरच्या कॉम्प्युटरवर उघडलेल्या व्हॉट्सॲपवर पोचला तरी दुसरी टिक येते.

‘नदीत असता तर तिसऱ्या दिवशी वर आला असता’ हे सर्वांत फसवे वाक्य. मृतदेह आधी बुडतो आणि कुजण्याने वायू झाल्यावर तरंगतो. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात, थंड पाण्यात आठवडे लागू शकतात, आणि मुळांत किंवा गाळात अडकला तर तो वर येतच नाही. पुराच्या पाण्यात पहिल्या दिवशीच मैलोन्‌मैल जातो. मग प्रश्न येतो, शोधले कुठे? खानापूर तालुक्यातच कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणाकडे जाते, आणि त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. मार्कंडेय गोकाककडे घटप्रभेला मिळते. चंदगडात घटप्रभेत पडलेला माणूस हुक्केरी तालुक्यात हिडकलच्या जलाशयात येऊ शकतो. पडल्या जागेपासून दोन किलोमीटर गळ टाकून ‘नदीत नाही’ म्हणणे म्हणजे शोध नव्हे.

कागदांतही हीच गळती होते. अनोळखी मृतदेहाची नोंद कर्नाटकात यूडीआर (अनैसर्गिक मृत्यूची नोंद) म्हणून होते, महाराष्ट्रात अकस्मात मृत्यू म्हणून. दोन्हीकडच्या, आणि म्हादईचा संशय असेल तर गोव्यातल्याही, नोंदी मागाव्या लागतात. रुळांवरचे मृतदेह रेल्वे पोलिसांकडे असतात, त्यामुळे लोंढा मार्गासाठी वेगळी विचारणा करा. अनोळखी मृतदेह सहसा 72 तास ठेवून विल्हेवाट लावली जाते. म्हणून अर्जात कपडे, दातांतली भर, जुने फ्रॅक्चर, गोंदण लिहा आणि आई-वडील किंवा मुलांचा डीएनए नमुना देण्याची तयारी कळवा. भाऊ-बहिणींच्या नमुन्यावरून निष्कर्ष तितका पक्का निघत नाही.

आपण होऊन गेल्याच्या शक्यतेला स्वतःचा पुरावा लागतो, नदीतले अपयश पुरत नाही. आधार कार्ड, चार्जर, नेहमीच्या गोळ्या तो सोबत घेऊन गेला का? आधी पैसे काढले होते का? नंतर यूपीआय वापरले का? त्याच आयएमईआयवर (हँडसेटच्या स्वतःच्या क्रमांकावर) नवे सिम चालले का? आयएमईआयचा शोध सगळ्या कंपन्यांकडे घ्यावा लागतो. सगळ्याची उत्तरे ‘नाही’ आली, तर शक्यता संपत नाही, पण बरीच कमी होते. गोळ्या घरीच असतील आणि आजार जुना असेल, तर मी ही शक्यता यादीत तळाला टाकीन.

चोवीस तासांचा नियम कायद्यात कुठेच नाही. बसस्थानकाचे, दुकानांचे सीसीटीव्ही बहुधा 15 ते 30 दिवसांत पुसले जाते, तेव्हा थांबण्यात तोटाच. अल्पवयीन मूल असेल तर 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार लगेच गुन्हा नोंदवायला हवा. गुन्ह्याचा संशय असेल तर हद्दीचा वाद घालता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते.

सात वर्षांचे म्हणाल, तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 प्रमाणे, माणसाची खबर ज्यांना सहज कळली असती त्यांना इतकी वर्षे काही कळले नसेल, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर जातो. दाखला आपोआप येत नाही, दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा लावावा लागतो. मृत्यूची तारीखही त्यातून गृहीत धरली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे विमा बेपत्ता झाल्या दिवसापुरताच चालू असेल आणि पुढचे हप्ते थकले असतील, तर घरच्यांना मृत्यूच्या तारखेचा तोच मुद्दा आडवा येतो.