मेंदूचे रंगीत चित्र आणि कोरा कागद

शिक्षकांच्या प्रशिक्षणांत हल्ली मेंदूचे रंगीत चित्र हमखास दाखवले जाते. डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा, हे मूल डोळ्यांनी शिकणारे, ते कानांनी, अशी वाटणी केली जाते आणि चित्र मेंदूचे असल्यामुळे सहसा कोणी शंका विचारत नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि मेंदूविज्ञानाबद्दल मला आदर आहे. तरीही त्या शास्त्राच्या नावावर शाळा आणि पालक जे विकत घेतात त्यातले बरेचसे निरुपयोगी आहे, आणि जे खरोखर उपयोगाचे आहे ते फुकट असल्यामुळे दुर्लक्षित राहते, असे माझे मत आहे.

डाव्या-उजव्या मेंदूची कथा ज्या संशोधनावरून पसरली, ते अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांचे काम अस्सल होते आणि त्याला १९८१ मध्ये नोबेल मिळाले. मात्र त्यांनी अभ्यासलेले रुग्ण अपस्माराचे होते आणि त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेला होता. त्यावरून पाचवीतल्या धडधाकट मुलाला 'उजव्या मेंदूचा' ठरवता येत नाही. डोळ्यांनी किंवा कानांनी शिकण्याच्या शैलींसाठी पुरेसा पुरावा नाही, हे २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी सविस्तर मांडले. तरी २०१२ च्या एका पाहणीत ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षकांचा त्यांवर विश्वास आढळला. भोळेपणा केवळ आपल्याकडे नाही, एवढेच काय ते समाधान. (डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येते असा दावा करणाऱ्या 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन' वर्गांतल्या मुलांना नाकाजवळच्या फटीतून दिसते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वारंवार दाखवून दिले आहे, त्यावर अधिक शब्द खर्चण्याची गरज नाही.)

आता उपयोगाच्या गोष्टीकडे येते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुनःपुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून नंतर, समोर उतारा नसताना, आठवेल तेवढे तीनदा लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. मला यातला सर्वांत मोलाचा भाग असा वाटतो की, आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडवर रंगीत पेन फिरवणाऱ्या आपल्या मुलांचा आत्मविश्वास नेमका याच जातीचा असतो. वाचलेले ओळखीचे वाटते म्हणून ते येते आहे असे वाटते.

या प्रयोगाला मेंदूचे एकही चित्र लागले नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी विस्मरणाचे मोजमाप स्वतःवरच करून १८८५ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा तसे चित्र काढण्याचे यंत्रही नव्हते. म्हणून वर्गासाठी मी सुचवते ते साधेच आहे: तास सुरू होताना वह्या मिटवून, मागच्या आठवड्यातल्या धड्यावरचे दोन-तीन प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवायचे आणि लगेच उत्तरे पडताळायची. यावर घोकंपट्टीचा आक्षेप हमखास येतो. पण 'लोखंड गंजते आणि सोने का गंजत नाही' हाही आठवून लिहिण्याचाच प्रश्न आहे. अर्थात धडा मुळातच समजला नसेल, तर आठवण्यासारखे काही नसते. तिथे पुन्हा शिकवण्याला पर्याय नाही.

मेंदूच्या प्रतिमा निरर्थक आहेत असे मला म्हणायचे नाही. प्रौढपणी वाचायला शिकलेल्या माणसांच्या मेंदूतही अक्षरे ओळखणारा भाग घडतो, हे फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोर्तुगाल व ब्राझीलमधल्या लोकांच्या अभ्यासातून दाखवले. 'सहा वर्षांच्या आत मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास होतो' हे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले वाक्य वाचून धास्तावलेल्या पालकांना मी हा अभ्यास आवर्जून सांगते. पण उद्याच्या तासाला काय करावे, हे त्यातून कळत नाही.

कोऱ्या कागदावर गुण लिहू नयेत, असा माझा आग्रह असतो. आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे शिकता शिकताच मूल कुठे अडते हे पाहण्याचा, मूळ हेतू हाच होता, परंतु आपण त्याच्या नोंदवह्या केल्या आणि मुलांपेक्षा रकान्यांची काळजी जास्त घेऊ लागलो. गुण आले की मूल शेजारच्याच्या कागदात डोकावते, आणि मग त्याला काय आठवत नाही हे त्यालाही कळत नाही आणि मलाही.