हात न लावता स्नायू शिकवता येतो का? एका फिरत्या संदेशाला उत्तर

महिलांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा, की बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटणे हे बाईच्या जातीला चुकत नाही. त्यावर ऑपरेशनाखेरीज इलाज नाही. व्हिडिओ कॉलवर किंवा ॲपमधून व्यायाम शिकवणारे नुसते पैसे काढतात, कारण हात लावल्याशिवाय हा स्नायू कळतच नाही. आणि व्यायाम करायचाच असेल, तर लघवीची धार रोज मध्येच रोखून धरावी, म्हणजे फुकटात काम होते. यांतल्या एका दाव्यात खरोखर तथ्य आहे, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

पहिल्या दाव्यात ‘बऱ्याच जणींना होते’ आणि ‘होणारच’ यांची गल्लत आहे. खोकल्यासरशी पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावर पडतो. त्या क्षणी मूत्रमार्गाला खालून आधार देऊन तो मिटलेला ठेवणे हे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या पसरलेल्या स्नायूंचे काम असते. बाळंतपण, जुना खोकला, बद्धकोष्ठता किंवा वाढलेले वजन यांनी ही झोळी सैल पडते. पण तो स्नायू आहे आणि आवळून वर ओढण्याच्या सरावाने तो बळकट होतो; या व्यायामालाच केगेल म्हणतात. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात 31 चाचण्या आणि 1,817 स्त्रिया होत्या. त्यांतल्या केवळ खोकल्या-शिंकण्याने गळती होणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्यांत 56 टक्के जणींनी त्रास पूर्ण थांबल्याचे सांगितले, तर व्यायाम न करणाऱ्यांत 6 टक्के जणींनी.

ऑपरेशनाबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शिका आधी किमान तीन महिने देखरेखीखालचा व्यायाम द्यायला सांगते. ऑपरेशनाची गरज काही जणींना पडते आणि त्यांना त्याचा उपयोगही होतो; मात्र ‘एकदा केले की सुटलो’ असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की मूत्रमार्गाला आधार म्हणून ऑपरेशनात बसवल्या जाणाऱ्या जाळीमुळे झालेल्या गुंतागुंतींच्या तक्रारींनंतर इंग्लंडमध्ये जुलै 2018 मध्ये तिचा वापर स्थगित करावा लागला.

आता हात लावण्याचा मुद्दा. 1991 मध्ये अमेरिकेत 47 स्त्रियांना हा व्यायाम केवळ तोंडी समजावून मग तपासले, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमत होता आणि सुमारे एक चतुर्थांश जणी स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या, ज्याने गळती उलट वाढू शकते. म्हणजे संदेश लिहिणाऱ्याची शंका रास्त आहे. ‘केगेल करा’ एवढे सांगून फोन ठेवणारा माणूस फी घेण्यालायक नाही, हे मलाही मान्य आहे.

परंतु यातून सिद्ध होते ते इतकेच, की शिकवणे आणि तपासणे आवश्यक आहे. शिकवणाऱ्याने दर वेळी समोरच असणे आवश्यक आहे, असे सिद्ध होत नाही. कॅनडातल्या 2020 च्या एका चाचणीत साठ वर्षांवरील 362 स्त्रियांना आधी एकेकटीला आकुंचन शिकवले आणि मग काहींना आठ-आठ जणींच्या गटात, तर काहींना स्वतंत्रपणे बारा आठवडे व्यायाम दिला. वर्षअखेर दोन्हींकडे गळती सारखीच, सुमारे सत्तर टक्क्यांनी, कमी झालेली होती. हा प्रयोग प्रत्यक्ष वर्गातला होता, तरीही प्रत्येक वेळी एकीमागे एक तज्ज्ञ लागत नाही, हे त्यातून दिसते. स्वीडनमधील उमिओ विद्यापीठाने तर 123 स्त्रियांची चाचणी प्रत्यक्ष भेटीविना, केवळ ॲपवर घेतली आणि तीन महिन्यांत ॲप वापरणाऱ्यांची गळती वाट पाहणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे घटली. यंत्राशिवाय हे जमत नाही, असेही काही जण म्हणतात. 600 स्त्रियांच्या ब्रिटिश चाचणीत व्यायामाला बायोफीडबॅक यंत्राची, म्हणजे स्नायू किती आवळला ते दाखवणाऱ्या यंत्राची, जोड देऊनही अधिक फायदा झाला नाही.

दूरवरून शिकवणाऱ्यालाही पडताळणीची साधने असतात. घट्ट गुंडाळलेल्या टॉवेलवर बसल्यावर खालचा भाग वर उचलला गेल्यासारखा वाटतो का, पोटावर ठेवलेल्या हाताला पोट फुगलेले जाणवते का, श्वास अडकतो का, मांड्या आवळल्या जातात का, हे एकेक करून विचारता येते आणि तयारी असल्यास स्वतःच्या बोटानेही खात्री करता येते. ही पडताळणी प्रश्न विचारूनच होते, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर कपडे काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तशी मागणी करणाऱ्याचा कॉल तिथेच बंद करावा. खरी अडचण निराळीच असते. दोन खोल्यांच्या घरात सासऱ्यांच्या कानावर जाणार नाही अशा बेताने हे बोलायचे कसे? कानात इअरफोन घालून ‘हो’, ‘नाही’ एवढ्यावर भागेल अशा रीतीने प्रश्न विचारणारी फिजिओथेरपिस्ट ही अडचण बरीच सोपी करते.

धार रोखण्याचा सल्ला मात्र सरळ चुकीचा आहे. कोणता स्नायू ते ओळखण्यासाठी एखाद्या वेळी तसे करणे निराळे. रोज केल्यास मूत्राशय पुरता रिकामा न होण्याची सवय लागू शकते. नाइसच्या मते किमान आठ आकुंचने, दिवसातून तीनदा, हा सराव हवा, आणि तो लघवी करतानाचा नव्हे. याच्या जोडीला शिंक येण्याच्या क्षणभर आधी स्नायू आवळून धरण्याची युक्ती शिकावी. 1998 च्या एका छोट्या अभ्यासात वयस्क स्त्रियांना ती आठवड्याभरात साधली आणि खोकल्याबरोबरची गळती स्पष्टपणे कमी झाली.

दूरस्थ उपचार कुणासाठी नाहीत, हे संदेशात कुठेच नाही. लघवीतून रक्त येत असेल, अंग बाहेर येत असेल, लघवी साफ होत नसेल, बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर ती रात्रंदिवस झिरपत असेल, किंवा पाय अचानक बधिर पडत असतील, तर व्हिडिओवरचा वर्ग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावे. पाय बधिर पडण्याबरोबर लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी.