जवानांना पाणी पाजायचंय?

सीमेवर काही घडलं की आपले हात शिवशिवतात, हे साहजिकच आहे. त्यातून आपण ग्वाल्हेर शहरातल्या ‘लष्कर’ या भागातले रहिवासी. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ टाकला, तेव्हापासून फौज म्हणजे घरचंच कार्य. तर मंडळी, एक ट्रक बाटलीबंद पाणी धाडाच.

आधी लेबल. पाणी कोणाचंही चालेल, लेबल मंडळाचंच हवं. वर अध्यक्ष, खाली कार्याध्यक्ष, जागा उरलीच तर कोपऱ्यात जवान. त्याच्या हातातली बंदूक आपल्याच फौजेची आहे ना, एवढं मात्र गल्लीतल्या एखाद्या निवृत्त सुभेदारांना दाखवून घ्या. बाटलीबंद पाण्याचं आयएस १४५४३ हे मानक बारीक टाइपात टाका, नाहीतर ते अध्यक्षांच्या फेट्यावर येतं.

बाटली अर्ध्या लिटरचीच घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं, त्यात देशभक्तीची सूट नाही. पण छोट्या बाटल्या फोटोत ढीगभर दिसतात. डोंगरावरच्या चौकीपर्यंत चढवायला खेचरं आहेत, पोर्टर आहेत, हेलिकॉप्टर आहे. खेचरावर पखाल लादायची ही फौजेची जुनी रीत. रिकामी पखाल खाली येते, पुन्हा भरते. आपली बाटली वरच राहते, म्हणजे कार्याध्यक्षसुद्धा अजरामर.

सियाचिनला पाठवत असाल तर दुधात साखर. १९८४ पासून तिथले जवान स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करतात, आणि त्या स्टोव्हचं रॉकेलही खालूनच न्यावं लागतं. आपलं पाणी गोठून, साधारण नऊ टक्के फुगून, बाटली तडकवून त्यांच्यापुढे हजर होईल. मग तेही स्टोव्हवर. बर्फाची तेवढी टंचाईच होती बिचाऱ्यांना!

एखादा शहाणा म्हणेल, आधी छावणीत विचारा, जेरीकॅन हवेत का, क्लोरीनच्या गोळ्या हव्यात का. असा एक प्रत्येक मंडळात असतो. त्याला वर्गणीच्या हिशोबाला बसवा. गोळीच्या पाकिटावर अध्यक्ष मावत नाहीत.

ट्रकला झेंडा आपल्या महाराज बाड्याच्या चौकातच दाखवा. दोन-तीन भाषणं होईपर्यंत बाटल्या उन्हात तापतील, तापू द्या. मुहूर्त मात्र नळाची वेळ टाळून धरा. तिघरा धरणाचं नळाला येणारं पाणी चुकलं की वहिनीमंडळी टँकर समजून बादल्या घेऊन धावतात, आणि लेबल न वाचताच ट्रक रिकामा करतात.