गाडी उशिरा निघाली त्याबद्दल

नमस्कार. माल भरून तयार असताना ट्रेलर पावणेदोन तास उभा राहिला आणि ड्रायव्हर ‘बंद इंजिनात डोकं घालून टाइमपास करत होता’, असं तुम्ही लिहिलं आहे. उशीर झाला, हे खरंच. आणि तेवढ्या वेळात आमच्या ऑफिसमधून तुम्हाला साधा फोनही गेला नाही, ही तर सरळ आमची चूक. मनापासून माफी मागतो.

पण तो टाइमपास नव्हता. इंजिन बघायचं ते बंद असतानाच. गाडी सपाट जागी थांबवून ऑइल खाली चेंबरमध्ये उतरू दिलं, की डिपस्टिकवर खरी पातळी दिसते. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, झाकण तर गरम इंजिनावर उघडायचंच नसतं, उसळून हात-तोंड भाजतं. बेल्ट दाबून ढिला आहे का बघणं, होज पाइप चाचपणं, ही कामं फिरत्या पंख्याजवळ कुणी करू नयेत.

त्या दिवशी ऑइल, बेल्ट सगळं ठीक होतं. त्याला दिसला तो कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखालचा ओला ओघळ. पंपाला खालून एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं, की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, यासाठीच ते ठेवलेलं असतं. त्याने फडक्याने पुसलं, थोडा थांबला, तर पुन्हा थेंब धरला. पुली धरून हलवली, तर ती खेळत होती. असा पंप भर रस्त्यात जाम झाला तर बेल्ट तुटतो, इंजिन तापतं, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, उडतं. आणि भरलेला ट्रेलर चढावर अडकला तर मागून येणाऱ्यांचंही काही खरं नाही.

त्याने गाडी काढायला नकार दिला. मग दुसरा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, आणून तुमचा ट्रेलर त्याला जोडला. तोही तसाच तपासला, हवेचे पाइप लावले, टाक्यांमध्ये प्रेशर भरू दिलं. या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. पुरेशी हवा भरल्याशिवाय पार्किंग ब्रेक सुटत नाही.

यापुढे तपासणीत काही निघालं, तर ऑफिसमधून तुम्हाला लगेच फोन येईल. माल उतरवणारी माणसं ताटकळली, त्यांचा खर्च कळवा, आम्ही भरतो. ड्रायव्हरबद्दलचं ते वाक्य मात्र कृपा करून काढावं. त्याने ते वाचलं आहे, आणि त्याला ते फार लागलं आहे.